दोन हात कापडात डोंगर कसा मावतो?

गडद हिरव्या कोटातला एक माणूस खडकाच्या टोकावर पाठमोरा उभा आहे. हातात काठी, वाऱ्याने विस्कटलेले तांबूस केस. पुढ्यात धुकं, धुक्यातून वर आलेली खडकांची डोकी आणि लांबवर फिकट निळे होत गेलेले डोंगर. जर्मन चित्रकार कास्पर डाव्हिड फ्रीडरिश याचं साधारण १८१८ सालचं हे चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असेल. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, पोस्टरवर, नाहीतर कुणाच्या फोनच्या पडद्यावर. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ 'धुक्याच्या समुद्रावरचा वाटसरू' असा होईल. मूळ चित्र हॅम्बुर्गच्या संग्रहालयात आहे. त्याची उंची जेमतेम ९५ सेंटीमीटर आणि रुंदी ७५.

९५ सेंटीमीटर म्हणजे आपल्या जुन्या मापात दोन हात. खिडकीची एक झडपसुद्धा याहून मोठी असते. बरं, चित्रातले डोंगर तरी अवाढव्य असावेत, तर तेही नाहीत. ड्रेस्डेन शहराजवळ एल्ब नदीच्या काठाने वालुकाश्माच्या टेकड्या आहेत, त्यांची रेखाटनं जुळवून हे चित्र उभं केलं आहे. त्या भागातलं सगळ्यात उंच शिखरही समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आतच आहे. आपला सिंहगड त्याहून बराच उंच. तरीही या चित्रासमोर पोटात खड्डा पडतो.

हा मोठेपणा येतो कुठून, हा प्रश्न मला कितीतरी वर्षं पडलेला होता. अशी चित्रं पुन्हा पुन्हा पाहताना लक्षात आलं की या चित्रकारांनी डोंगर मोठा काढायची खटपट केलेलीच नाही. त्यांनी उजेड अशा रीतीने वापरला की बघणाऱ्याच्या डोळ्याला माप घेता येईना. डोळ्याला माप घेता आलं नाही की मनाची जी अवस्था होते, तिला युरोपात 'सब्लाइम' म्हणू लागले. मराठीत सौंदर्यशास्त्राच्या चर्चेत त्यासाठी 'उदात्त' हा शब्द रुळला आहे.

इथे शब्दांची थोडी अडचण आहे, ती आधी दूर करू. रोजच्या मराठीत आपण उदात्त विचार, उदात्त हेतू असं म्हणतो, तेव्हा अर्थ 'थोर, निःस्वार्थी' असा असतो. चित्रांच्या संदर्भातलं उदात्त तसं सात्त्विक नाही. त्यात भीती आहे. 'रोमँटिक' या शब्दाचंही तसंच. साधारण १७८० ते १८५० या काळात युरोपात कवी, संगीतकार आणि चित्रकारांनी नियम, प्रमाणबद्धता आणि निव्वळ बुद्धी यांच्यापेक्षा भावना, एकांत आणि रौद्र निसर्ग यांना वरचं स्थान दिलं. त्या वळणाला रोमँटिक म्हणतात. प्रेमकहाणीचा त्यात असलाच तर योगायोगाने.

उदात्त म्हणजे नेमकं काय, हे समजायला मला सगळ्यात जास्त मदत झाली ती गीतेच्या अकराव्या अध्यायाची. हजार सूर्य एकदम उगवल्यासारखं ते विश्वरूप पाहून अर्जुन म्हणतो, 'अदृष्टपूर्वं हृषितोऽस्मि दृष्ट्वा भयेन च प्रव्यथितं मनो मे'. आधी कधीच न पाहिलेलं पाहून मला हर्ष झाला आहे आणि भयाने माझं मन व्याकूळ झालं आहे. मधल्या त्या 'च'कडे पाहा. हर्ष झाला 'पण' भीती वाटली, असं तो म्हणत नाही. दोन्ही एकदमच आहेत. आणि लगेच पुढे तो विनवतो की देवा, तुझं ते नेहमीचं रूप मला दाखव. एवढा प्रकाश माणसाला फार वेळ सोसत नाही. उदात्ताचे तिन्ही घटक इथे आले: मापात न बसणारं काहीतरी, हर्ष-भयाची एकत्र लाट, आणि डोळे दिपवून काहीच दिसू न देणारा उजेड. युरोपात अठराव्या शतकात झालं ते एवढंच की देवासमोर येणारा हा अनुभव लोकांना डोंगरासमोर येऊ लागला.

तोवर युरोपातल्या प्रवाशांना आल्प्स म्हणजे वाटेतली अडचण वाटायची. बर्फ, दरोडेखोर, कोसळणाऱ्या दरडी. इटलीला जायचं तर हे ओलांडावंच लागतं, म्हणून ओलांडायचं. १६८८ मध्ये जॉन डेनिस नावाच्या इंग्रज लेखकाने आल्प्स ओलांडताना आपल्याला काय वाटलं ते लिहून ठेवलं, त्यात 'आनंददायक धास्ती' आणि 'भयंकर हर्ष' अशा अर्थाचे शब्द आहेत. त्याला स्वतःलाच त्या जोडीचं नवल वाटलं होतं. पुढे १७५७ मध्ये अठ्ठावीस वर्षांच्या एडमंड बर्क या आयरिश लेखकाने या भावनेवर आख्खा ग्रंथ लिहिला. सुंदर वस्तू लहान, गुळगुळीत, नाजूक, उजळ असतात. उदात्त गोष्टी प्रचंड, खडबडीत, अंधाऱ्या, अस्पष्ट असतात, अशी त्याची ढोबळ मांडणी. भीती हा त्याच्या मते उदात्ताचा मूळ झरा. मात्र संकट अगदी अंगावर येऊन चालत नाही. थोडं अंतर हवं.

उजेडाबद्दल बर्कने जे लिहिलं आहे, ते चित्रकारांच्या फार कामाचं ठरलं. साधा उजेड ही रोजची गोष्ट, तिच्याने मन हलत नाही, असं तो म्हणतो. अंधार जास्त परिणामकारक. पण उजेडानेही तोच परिणाम साधता येतो. एक, सूर्य थेट डोळ्यांवर आला तर समोरचं सगळं पुसलं जातं, म्हणजे अतिप्रकाशातून अंधारच तयार होतो. दोन, विजेसारखी उजेड-काळोखाची झटक्यात अदलाबदल. पुढच्या शंभर वर्षांतली डोंगरांची चित्रं पाहताना मला सारखी या दोन युक्त्यांची आठवण होते.

जर्मन तत्त्वज्ञ कान्टने १७९० मध्ये यात एक महत्त्वाची भर घातली. त्याचं म्हणणं सोप्या शब्दांत असं: प्रचंड गोष्ट पाहताना आपली कल्पनाशक्ती तिला एका घासात पकडू पाहते आणि तिला ते जमत नाही. त्या हरण्याचा त्रास होतो. पण त्याच क्षणी आपल्याला कळतं की 'अनंत' ही कल्पना तर आपल्या बुद्धीत आहे, डोळ्यांना दिसत नसली तरी. त्यातून उंचावल्यासारखं वाटतं. म्हणून उदात्त डोंगरात नसतं, बघणाऱ्याच्या मनात असतं. गंमत म्हणजे कान्टने आल्प्स कधी पाहिलाच नव्हता. सारं आयुष्य त्याने सपाट बाल्टिक किनाऱ्याजवळच्या क्योनिग्जबर्ग शहराच्या आसपास काढलं. डोंगरांची माहिती त्याला होती ती ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाच्या प्रवासवर्णनातून. हा सोस्यूर १७८७ मध्ये माँ ब्लाँ या आल्प्समधल्या सर्वांत उंच शिखराच्या माथ्यावर गेला होता. आकाश किती निळं आहे हे मोजायला त्याने निळ्या छटांच्या पट्ट्यांचं एक साधन केलं होतं, आणि ते घेऊन तो वर चढला होता. निळेपणा मोजू पाहणारा हा माणूस मला फार आवडतो.

आता डोळ्याचं गणित पाहू, कारण चित्रकारांची सगळी करामत त्यावर उभी आहे. लांबची वस्तू किती मोठी हे डोळा थेट ओळखत नाही. आधी तो अंतराचा अंदाज बांधतो आणि मग आकाराचा. अंतराचा अंदाज बांधायला मधल्या खुणा लागतात: झाड, घर, वाट, गुरं. या खुणा म्हणजे जिन्याच्या पायऱ्या समजा. डोळा एकेक पायरी चढत लांबच्या डोंगरापर्यंत जातो. मधल्या पायऱ्या काढून टाकल्या, तर तो लटकतो.

धुकं हेच करतं. हरिश्चंद्रगडावर पावसाळ्यात कोकणकड्याच्या काठाशी जे बसले आहेत त्यांना हे सांगायला नको. कडा ढगांनी भरलेला असतो तेव्हा खाली किती खोल आहे हे काही केल्या कळत नाही, आणि न कळणंच अंगावर येतं. तिथे कधी नशीब असलं तर इंद्रवज्र दिसतं: सूर्य पाठीशी, समोर ढग, आणि ढगावर आपलीच सावली, तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य. सावली राक्षसी मोठी वाटते. प्रत्यक्षात ती तशी नसते. ढगात अंतराची एकही खूण नसल्यामुळे डोळा ती फार लांब आहे असं धरून चालतो, आणि लांब असून एवढी दिसते म्हणजे प्रचंडच असणार असा निष्कर्ष काढतो. युरोपात या दृश्याला ब्रोकेनचं भूत म्हणतात. ब्रोकेन हे जर्मनीतल्या हार्त्स डोंगररांगेतलं शिखर, आणि त्या रांगेत १८११ मध्ये फ्रीडरिश रेखाटनं करत फिरला होता. इंद्रवज्राचं चित्र त्याने काढलं असं मी म्हणत नाही. पण धुक्यात आकार फुगतो हे त्याला पायी फिरून ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट हवेची. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. आपण आणि लांबचा डोंगर यांच्यामध्ये जेवढी जास्त हवा, तेवढा हा विखुरलेला निळसर प्रकाश डोंगराच्या गडदपणावर पसरतो. म्हणून एकामागे एक रांगा असल्या की प्रत्येक मागची रांग तिच्या पुढच्या रांगेपेक्षा फिकी आणि निळी दिसते. लांबच्या बर्फाचं उलट होतं. बर्फ मुळात उजळ, त्याच्याकडून येणाऱ्या प्रकाशातला निळा भाग वाटेतच गळतो, म्हणून लांबचं बर्फ किंचित पिवळसर, आणि सूर्य क्षितिजाशी असेल तेव्हा गुलाबी-तांबूस दिसतं. एकाच चित्रात लांबचा खडक निळा आणि लांबचा बर्फ ऊबदार रंगाचा, हे चुकून झालेलं नसतं.

हे मनात ठेवून पुन्हा वाटसरूकडे या. त्याच्या पायाखालचा खडक काळा, खडबडीत, स्पष्ट. त्यानंतर थेट धुकं. मधल्या पायऱ्या नाहीत. उजेड त्या धुक्यातच कोंडलेला आहे, त्यामुळे धुकं खालून उजळल्यासारखं वाटतं आणि खडक व माणूस त्यासमोर गडद दिसतात. माणूस चित्राच्या बरोबर मध्यावर, पाठमोरा. त्याचा चेहरा दिसत नसल्यामुळे आपण त्याच्याकडे पाहत बसत नाही, त्याच्या जागी जाऊन उभे राहतो. एक प्रयोग करा. फोनवर हे चित्र उघडा आणि अंगठ्याने तो माणूस झाका. डोंगर एकदम साधे होतात.

फ्रीडरिशने याआधी दहा वर्षं, १८०८ मध्ये, उजेडावरून मोठा वाद ओढवून घेतला होता. 'डोंगरातला क्रूस' हे त्याचं चित्र टेट्शेन वेदीचित्र म्हणूनही ओळखलं जातं. देवळात वेदीवर ठेवायच्या चित्रात येशू, मेरी, संत असायचे. याने काय केलं, तर एक काळा त्रिकोणी डोंगर, त्यावर देवदारासारखी उंच झाडं, आणि माथ्यावर बारीकसा क्रूस. तोही आपल्याकडे तोंड करून नाही, तिरका, मावळत्या सूर्याकडे वळलेला. सूर्य डोंगराआड आहे. दिसतात ते फक्त ढगांवर फेकले गेलेले किरणांचे पट्टे. रामडोर नावाच्या समीक्षकाने १८०९ मध्ये यावर कडाडून टीका केली. निसर्गचित्र आता चर्चमध्ये शिरून वेदीवर चढू पाहतंय, असा त्याचा संताप होता. बघणारा नक्की कुठे उभा आहे, पुढची जमीन कुठे गेली, असंही त्याने विचारलं. त्याचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. फ्रीडरिशने जमीन मुद्दामच काढून टाकली होती.

या चित्राबद्दल फ्रीडरिशने स्वतः दिलेलं स्पष्टीकरण उपलब्ध आहे. क्रुसावरची येशूची मूर्ती धातूची आहे, ती मावळत्या सूर्याचा उजेड झेलते आणि पृथ्वीकडे परतवते, अशा आशयाचं. म्हणजे प्रकाशाचा उगम आपल्याला दिसतच नाही. आपल्याला मिळतो तो कुणीतरी झेललेला, परतून आलेला उजेड. मला हे चित्र वाटसरूपेक्षाही धाडसी वाटतं.

हा माणूस कामाला बसायचा कसा, हेही पाहण्यासारखं आहे. त्याचा मित्र गेओर्ग केर्स्टिंग याने फ्रीडरिशच्या खोलीची चित्रं काढून ठेवली आहेत. भिंती उघड्या, सामान जवळजवळ नाही, खिडकीचा खालचा भाग बंद, उजेड फक्त वरून. बाहेरचं दृश्य नको, उजेड तेवढा हवा. आकाश रंगवायच्या दिवशी त्याच्याशी बोलायचं नसतं, असं त्याची बायको कारोलीन सांगायची म्हणतात. रंग तो अतिशय पातळ लावायचा. कॅनव्हासला आधी फिकट अस्तर, त्यावर बारीक रेखाटन, त्यावर पारदर्शक रंगांचे एकावर एक थर. उजेड या थरांतून आत जातो, खालच्या फिकट अस्तरावर आपटतो आणि रंगांतून गाळून परत येतो. त्यामुळे आकाश आतून उजळलेलं वाटतं. पांढऱ्या रंगाचे जाड फटकारे मारून हे साधत नाही.

१८२४-२५ मध्ये त्याने वाट्समान या जर्मन आल्प्समधल्या २,७१३ मीटर उंच शिखराचं चित्र केलं. कान्टप्रमाणेच फ्रीडरिशनेही आल्प्स पाहिला नव्हता! आउगुस्ट हाइनरिश या त्याच्या तरुण विद्यार्थ्याने तिथे जाऊन जलरंगात अभ्यासचित्र केलं होतं. हाइनरिश १८२२ मध्ये वारला, आणि त्याच्या चित्रावरून गुरूने हा डोंगर रंगवला. पुढचे खडक हार्त्समधले, स्वतःच्या जुन्या रेखाटनांतले. चित्रात माणूस नाही, पायवाट नाही, धूर सोडणारी झोपडी नाही. खालचे उतार तपकिरी-हिरव्या सावलीत, आणि माथ्यावर थंड, स्वच्छ, पांढरा उजेड. त्या पांढऱ्यापर्यंत नजर जाते, पण पाय कुठून जातील हे सुचत नाही. कधीही न पाहिलेल्या डोंगराबद्दल इतकं खरं चित्र कसं होतं, याचं उत्तर, उदात्त बघणाऱ्याच्या मनात असतं या कान्टच्या म्हणण्यात आहे असं मला वाटतं.

फ्रीडरिशचा उजेड स्थिर, प्रार्थनेसारखा. इंग्लंडच्या विल्यम टर्नरचा उजेड घुसळलेला. दोघे जवळजवळ एकाच वयाचे, फ्रीडरिश १७७४ चा आणि टर्नर १७७५ चा. टर्नर पहिल्यांदा आल्प्समध्ये गेला १८०२ मध्ये. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात तेव्हा थोड्या काळापुरता तह झाला होता, ती संधी साधून तो गेला आणि चारशेहून जास्त रेखाटनं घेऊन परतला. नंतर युद्ध पुन्हा पेटलं, वाट बंद झाली, आणि कितीतरी वर्षं तो आठवणीतला आल्प्स रंगवत राहिला.

१८१२ मध्ये त्याने 'हिमवादळ: हॅनिबल आणि त्याचं सैन्य आल्प्स ओलांडताना' हे चित्र प्रदर्शनात मांडलं. जवळजवळ अडीच मीटर रुंद. कार्थेजचा सेनापती हॅनिबल हत्ती घेऊन आल्प्स उतरला ही इतिहासातली गाजलेली कथा. या चित्रात हॅनिबल शोधून दाखवा. लांब क्षितिजाशी नखाएवढा एक हत्ती आहे. खाली काळोखात लुटालूट, मेलेली आणि मरणारी माणसं. बाकी सगळी जागा एका प्रचंड काळ्या भोवऱ्याने व्यापली आहे, आणि त्या भोवऱ्यामागे फिकट पिवळा सूर्य, ग्रहण लागल्यासारखा. हे वादळ टर्नरला आल्प्समध्ये भेटलं नव्हतं. १८१० मध्ये यॉर्कशायरमध्ये आपल्या आश्रयदात्याच्या, वॉल्टर फॉक्सच्या घरी तो राहिला असताना टेकड्यांवर विजांचं वादळ आलं. त्याने हाताला लागलेल्या पत्राच्या पाठीवर ते टिपलं आणि फॉक्सच्या मुलाला सांगितलं की दोन वर्षांनी हे तुला पुन्हा दिसेल, त्याचं नाव असेल हॅनिबल. ही आठवण त्या मुलानेच सांगितलेली आहे.

नेपोलियननेही १८०० मध्ये आल्प्स ओलांडला होता, आणि फ्रेंच चित्रकार दाविदने त्याचं जे चित्र केलं ते सगळ्यांना माहीत आहे: मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा, फडफडता झगा, चेहऱ्यावर लख्ख उजेड. प्रत्यक्षात नेपोलियन खेचरावरून गेला होता. ही दोन चित्रं शेजारी ठेवून पाहिली की उदात्त म्हणजे काय हे पानभर व्याख्येपेक्षा लवकर कळतं. दाविदच्या चित्रात उजेड माणसाची सेवा करतो. टर्नरच्या चित्रात उजेडाला माणसाशी काही देणंघेणं नाही.

पण बर्कची ती अट विसरू नका: सुरक्षित अंतर. कान्टने सोस्यूरच्या पुस्तकातला आल्प्समधल्या सव्हॉय प्रांताचा एक शेतकरी आठवणीने नमूद केला आहे. बर्फाच्या डोंगरांच्या नादी लागणाऱ्यांना तो सरळ मूर्ख म्हणायचा. कान्टचा कल असा की ज्याच्या मनावर संस्कार नाहीत त्याला उदात्त निव्वळ भयंकर वाटतं. मी इथे शेतकऱ्याच्या बाजूने आहे. १८०८ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडच्या ग्रिझन्स भागात, सेल्वा गावात, हिमलोट कोसळून पंचवीस माणसं गेली. टर्नरने १८१० मध्ये हिमलोटाचं चित्र केलं, ते या दुर्घटनेवरून सुचलं असावं असं मानतात. तो तिथे नव्हता. पण त्याने जे काढलं त्याचा मला आदर वाटतो. त्याच सुमारास लूथरबर्ग या चित्रकाराने केलेल्या हिमलोटाच्या चित्रात पळणारी, हात वर केलेली माणसं आहेत, नाटकातल्यासारखी. टर्नरच्या चित्रात एकही माणूस दिसत नाही. एक प्रचंड शिळा लाकडी झोपडीवर येत आहे, मागून बर्फाचा लोंढा, आणि आकाशात तिरक्या राखाडी पट्ट्यांनी उजेड कापून टाकलेला. झोपडीत कोण होतं हे आपल्याला विचारावं लागतं.

अमेरिकेत हीच परंपरा मोठ्या कॅनव्हासवर आणि तिकीट लावून पोचली. फ्रेडरिक चर्च या चित्रकाराचं 'अँडीजचं हृदय' हे १८५९ चं चित्र तीन मीटर रुंद आहे. न्यूयॉर्कमध्ये ते अंधाऱ्या खोलीत, खिडकीसारख्या भल्यामोठ्या चौकटीत, पडदे लावून मांडलं होतं. पंचवीस सेंटचं तिकीट काढून बारा हजारांहून जास्त लोक आले. चित्रातली पानंफुलं बारकाईने पाहायला त्यांनी नाटकाला नेतात तशा छोट्या दुर्बिणी लावल्या. डावीकडे लांब बर्फाचं शिखर आहे, ऊबदार पांढरं. चर्चच्या चित्रात निदान वनस्पती, खडक आणि हवा यांचा खरा अभ्यास आहे. अल्बर्ट बीअरस्टॅटच्या १८६३ च्या रॉकी पर्वताच्या चित्रात मात्र ढगातून येणारा झोत बरोबर धबधब्यावर पडतो, जणू कुणीतरी वरून दिवा धरला आहे. कुठे पाहायचं हे असं सांगून टाकलं की डोळा हरत नाही आणि भीती उरत नाही. चित्र देखणं राहतं, एवढंच.

शेवटी एका लहान कागदाकडे यायचं आहे. 'ब्लू रिगी', टर्नर, १८४२, जलरंग. साधारण ३० सेंटीमीटर उंच, ४५ रुंद. रिगी हा ल्युसर्न सरोवराच्या काठचा डोंगर, उंची १,७९८ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे आल्प्सच्या मानाने रिगी साधाच. साठी ओलांडलेला टर्नर ल्युसर्नमधल्या खानावळीच्या खिडकीतून त्याच्याकडे पहाटे, संध्याकाळी, पुन्हा पहाटे पाहत राहिला. त्यातून एकाच वर्षी तीन चित्रं झाली: निळा, लाल आणि काळोखा रिगी. निळ्याचं गिऱ्हाईक होता एल्हानन बिकनेल नावाचा व्यापारी. व्हेलच्या तेलावर त्याने पैसा केला होता, जे तेल तेव्हा दिव्यांत जळायचं. २००७ मध्ये लंडनच्या टेट संग्रहालयाने हे चित्र सुमारे पन्नास लाख पौंडांना घेतलं तेव्हा त्यात सामान्य लोकांनी दिलेली वर्गणीही होती.

चित्रात सूर्य उगवायला थोडा अवकाश आहे. डोंगर एकसंध निळा, त्यावर ना झाड ना कडा. मागून उजेड येतो तेव्हा डोंगर असाच दिसतो, सगळा तपशील सावलीत जाऊन नुसती आकृती उरते. निळ्याच्या कितीतरी पातळ थरांनी ती बांधली आहे, आणि पायथ्याशी ती पाण्यावरच्या धुक्यात विरते, त्यामुळे डोंगर कुठे संपतो आणि सरोवर कुठे सुरू होतं हे कळत नाही. वरच्या बाजूला पिवळसर उजेड नुकता फुटतो आहे. खाली पुढ्यात बदकं उडाली आहेत आणि कुत्री त्यांच्यामागे पाण्यात झेपावत आहेत. एवढ्या शांततेत ही खळबळ आधी मला खटकायची. नंतर लक्षात आलं की तीच मापाची एकमेव पायरी आहे, आणि त्या पायरीनंतर नजरेला पाय टेकवायला काहीच नाही.

जलरंगात पांढरा रंग सहसा लावत नाहीत. कागद पांढरा असतो, तोच उजेड. जिथे उजेड हवा तिथे रंग लावायचा नाही, किंवा लावलेला टिपून, पुसून, खरवडून काढायचा. टर्नर अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवून त्याने कागद ओरखडायचा, असं त्याला काम करताना पाहिलेल्यांनी सांगितलं आहे. ब्लू रिगीत आकाशात वरच्या बाजूला एक बारीक ठिपका आहे, पहाटेचा शुक्र. तो रंगवलेला नाही. आकाशाचा रंग खरवडून टर्नरने तिथे कागद उघडा केला आहे.